माझगावचा चिनी पाडवा आणि डोणगावची भुलाबाई



२०२५ सालची कोजागरी तुम्हाला आठवत असेल. तारीख ६ ऑक्टोबर, वार सोमवार. सप्टेंबरभर राज्यात पावसानं धुमाकूळ घातलेला. कुणाचं सोयाबीन उभ्या जागी काळं पडलेलं, कुणाचं सोंगून ताडपत्रीखाली झाकलेलं, आणि अशा घोरात ती पौर्णिमा आली. तरीही तुम्ही-आम्ही दूध आटवलं आणि चंद्राला दाखवून मग प्यालो. बरोबर त्याच रात्री चीन देशातल्या घराघरांतून माणसं अंगणात आणि गच्चीवर चंद्राकडे तोंड करून बसली होती. तिकडे तो फार मोठा सण. त्यांच्या आठव्या महिन्याची ती पौर्णिमा, सुगीची पौर्णिमा. परगावी गेलेली मुलं त्या दिवशी घरी येतात. गोल पोळीसारखी भरलेली मिठाई कापून प्रत्येकाला एक-एक फोड देतात आणि चंद्रापुढे फळं मांडतात.

दोन्ही सण एकाच रात्री येतात असं मात्र दरवर्षी होत नाही. त्यांचंही पंचांग आपल्यासारखं चंद्रावर चालतं आणि सूर्याशी मेळ घालण्यासाठी त्यांनाही अधिक महिना घ्यावा लागतो. सुमारे १९ वर्षांत असे ७ महिने येतात. त्यांनी आपला अधिक महिना २०२५ मध्येच घेतला, सहाव्या महिन्यानंतर. आपला मात्र २०२६ च्या ज्येष्ठात. म्हणून २०२५ साली त्यांची पौर्णिमा सरकून आपल्या कोजागरीवर येऊन बसली. एरवी ती आपल्या भाद्रपदाच्या पौर्णिमेला येते. म्हणजे पाहा, ज्या दिवशी आपल्या वऱ्हाडात भुलाबाई बसते त्या दिवशी एरवी त्यांचा सण, आणि ज्या रात्री भुलाबाई उठते त्या रात्री २०२५ साली त्यांचा सण. २०२६ ची त्यांची तारीख २५ सप्टेंबर, आपली कोजागरी तिच्यानंतर महिनाभरानं. २०२८ मध्ये दोन्ही पुन्हा एका चांदण्यात येतात.

आता तुम्ही म्हणाल, पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्याला चीनच्या सणाचं काय पडलं आहे? त्यानं बोंडअळीबद्दल लिहावं. लिहितोच की. पण या सणात आपल्या शेतातली एक वस्तू आहे, तिच्यापर्यंत मी येतो. आधी माझगावला जाऊन येऊ.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही घरची मंडळी मुंबईला गेलो होतो. मी, माझी मंडळी, शहात्तर वर्षांची माझी माय, पुतण्या आणि त्याची दोन मुलं, चौथीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. हरभऱ्याला पाणी देऊन झालं होतं, तुरीची खळी उरकली होती. डोणगावातून निघून मेहकरला आलो, तिथं समृद्धी महामार्गाला लागलो, तो थेट इगतपुरीपर्यंत. (त्या वेळी रस्ता तिथवरच खुला होता. पुढचा तुकडा जून २०२५ मध्ये सुरू झाला.) मग कसारा घाट उतरून कल्याणला भाचीकडे मुक्काम. मुलांची तीन दिवस शाळा बुडणार होती. मास्तरांनी सुटी दिली ती एका अटीवर : जे पाहाल त्याचं रोज एक पान चित्र काढून आणायचं. ही अट मला फार आवडली. चित्र काढायचं म्हटलं की मूल वस्तूपुढे थांबतं. नाहीतर मुंबईत मुलं नुसती धावतात.

२९ जानेवारीला पौष अमावास्या होती. आपल्याकडे त्या दिवसाचं एवढं काही नाही, पण चीनमध्ये तो वर्षाचा पहिला दिवस, त्यांचा पाडवा. भाची म्हणाली, मुंबईत चिनी लोकांचं एकच देऊळ आहे, माझगावला, आणि या सणाला ते गजबजलेलं असतं. सकाळची गर्दी ओसरल्यावर आम्ही कल्याणहून कुर्ल्याला आलो, तिथं हार्बरची गाडी धरली आणि डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरलो. तिथून नवाब टँकच्या रस्त्यानं थोडं चालावं लागतं. गोदीच्या बाजूची ही जुनी वस्ती. अशा ठिकाणी देऊळ असेल असं वाटतच नाही. बाहेरून साधं दुमजली घर, दाराला मात्र भडक लाल रंग. पत्ता विचारायला लागू नये इतका तो लाल!

या देवळाला सी यूप कून म्हणतात. बांधलं १९१९ साली. सी यूप म्हणजे चार परगणे. दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातल्या त्या चार परगण्यांतून समुद्रमार्गे मुंबईला आलेल्या लोकांनी ते उभं केलं. कुणी जहाजावर खलाशी, कुणी गोदीत कामगार, कुणी सुतार. परक्या शहरात उतरल्यावर आपल्या बोलीचं माणूस भेटावं, पाठ टेकायला जागा मिळावी, म्हणून अशी घरं होती. आपल्याकडची मुलं पुण्याला कंपनीत लागतात तेव्हा आधी गाववाल्याची खोली शोधतात, तसंच ते. पुढं या लोकांनी हॉटेलं काढली, जोड्यांची दुकानं घातली, कुणी दाताचे डॉक्टर झाले. कामाठीपुऱ्याच्या सुखलाजी स्ट्रीटवर आणि या माझगावात त्यांची मोठी वस्ती होती.

वरच्या मजल्यावर त्यांचा क्वान कुंग हा देव. हा मूळचा माणूसच, एक सेनापती. दिलेला शब्द प्राण गेला तरी मोडला नाही म्हणून लोकांनी त्याला देव केलं. खाली क्वान यिन ही करुणेची देवी. तिच्याबद्दल जरा सांगितलं पाहिजे, कारण ती आपल्याच मुलखातली. अजिंठ्याच्या लेण्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणी तुम्ही पाहिला असेल, निदान कॅलेंडरवर तरी. तो अवलोकितेश्वर. बौद्ध भिक्षूंबरोबर तो चीनला गेला आणि काही शतकांत तिथल्या लोकांनी त्याची देवी केली. बुलढाण्याहून अजिंठा तो केवढा लांब! आपल्या शेजारच्या डोंगरातून निघालेला पाहुणा चीनला जाऊन, रूप बदलून, समुद्रातून माझगावला परत आला म्हणायचा. मायला मी हे सांगितलं. ती देवीकडे बघत म्हणाली, "म्हंजे माहेरी आली मनाची."

उदबत्त्यांचा धूर इतका की डोळे चुरचुरत होते. देवापुढे संत्री, मिठाई, लाल मेणबत्त्या. लोक हातात उदबत्त्यांची जुडी धरून वाकून नमस्कार करत होते. बांबूच्या नळकांड्यात काड्या असतात, ते हलवलं की एक काडी बाहेर पडते, तिच्यावरच्या आकड्यावरून वर्षाचं भविष्य पाहतात. वडीलधारी माणसं मुलांना लाल पाकिटात पैसे घालून देतात. आपण दसऱ्याला सोनं देऊन पाया पडल्यावर हातावर नोट ठेवतो, तसं. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी आमच्या दोन्ही पोरांच्या हातावर एकेक संत्रं ठेवलं. अस्सल मुंबईचं हिंदी बोलत होते, मधूनच मराठीही. जन्म इथलाच. मुलं कॅनडाला गेली, म्हणाले. सणाला मात्र देऊळ उघडायचं, धूप लावायचा, यात खंड नाही.

मायला मी आधी सांगितलं नव्हतं की देऊळ चिनी लोकांचं आहे. तिला ते जिन्यावर कळलं आणि ती तिथंच थांबली. तिचं वय १९६२ मध्ये तेरा. त्या वर्षी कोजागरी झाली, भुलाबाई उठली आणि आठवड्याभरात, २० ऑक्टोबरला, हिमालयात लढाई सुरू झाली. गावात रेडिओ एक-दोनच, त्यापुढे रात्री अख्खी आळी बसायची. लढाईसाठी बायांनी अंगावरचं सोनं काढून दिलं, त्यात तिच्या आईची एक पुतळी होती. तिच्या मनात 'चिनी' या शब्दाचा अर्थ तेव्हा ठरला तो ठरला. खाली उतरते म्हणाली. मी आग्रह केला नाही. पण त्या वृद्ध गृहस्थांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि पाणी आणून दिलं. मग दोघं बोलत बसले. त्या लढाईनंतर इथं राहणाऱ्या चिनी वंशाच्या लोकांवर काय गुदरलं, हे मलाही थोडंसंच माहीत होतं. सुमारे तीन हजार माणसांना, बायका-पोरांसह, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. त्यांतले बरेच आसाम-बंगालमधले. कित्येकांचे धंदे बुडाले आणि सुटल्यावर ते देश सोडून गेले. मुंबईतली वस्तीही तेव्हापासून विरळ होत गेली. माय ऐकत होती. उठताना तिनं आपल्या पिशवीतला तिळाचा लाडू काढून त्यांना दिला. संक्रांतीचे राहिले होते, बांधून आणलेले. तिनं तोंडानं काही म्हटलं नाही, आणि मीही पुढं त्यावर काही विचारलं नाही.

याच मुंबईच्या बंदरातून १ सप्टेंबर १९३८ ला पाच भारतीय डॉक्टर चीनला निघाले होते, जपानशी लढणाऱ्या लोकांच्या जखमा बांधायला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस त्यांत होते, ते १९४२ मध्ये तिकडेच वारले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर १९४६ मध्ये चित्रपट काढला, म्हणून त्यांचं नाव सर्वांना ठाऊक. पण त्याच पाचांत नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकरही होते, पाचांत वयानं सर्वांत वडील. आपल्या विदर्भातच त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. असो.

दुपारी आम्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. जुन्या लोकांना ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणून माहीत. १९०५ मध्ये पायाचा दगड बसला आणि लोकांसाठी खुलं झालं १९२२ मध्ये. मधल्या महायुद्धाच्या काळात या इमारतीत चक्क लष्करी दवाखाना होता. जॉर्ज विटेट या इंग्रज स्थापत्यकारानं ती बांधली. घुमट पाहिला की विजापूरच्या गोलघुमटाची आठवण येते. दगड दोन तऱ्हेचा, मालाडचा पिवळसर आणि कुर्ल्याचा काळसर. मला या काळ्या दगडाचं जास्त कौतुक. कारण हाच तो ज्वालामुखीचा पाषाण, जो आपल्या डोणगावच्या शिवारातही खाली आहे, जो झिजून-झिजून आपली काळी माती झाली, आणि ज्यात लोणारचं सरोवर पडलं. मुलांना म्हटलं, या भिंतीचं पीठ केलं आणि काही हजार वर्षं थांबलो तर यात कापूस येईल. मुलगा म्हणाला, "आबा, मग इतके दिवस कोण थांबणार?"

आत चिनी वस्तूंचं दालन आहे. रतन टाटा आणि दोराबजी टाटा या दोघा भावांनी जमवलेल्या वस्तू या संग्रहालयाला मिळाल्या, त्यांतला हा मोठा भाग. निळ्या-पांढऱ्या रंगाची चिनी मातीची भांडी, हिरवट जेड दगडात कोरलेल्या नाजूक वस्तू, तपकिरीच्या एवढ्या-एवढ्याशा कुप्या. आपण 'चिनी माती' म्हणतो ते उगाच नाही. पांढरी शुद्ध माती, तिच्यात विशिष्ट दगडाची पूड, आणि तेराशे अंशांच्या आसपास भट्टीचा ताव, हे गणित त्या देशानं जगाच्या कित्येक शतकं आधी जमवलं. निळा रंग कोबाल्ट नावाच्या धातूचा, तो भाजण्याआधी काढायचा म्हणजे कधी पुसत नाही. माय एका मोठ्या झाकणाच्या भांड्यापुढे बराच वेळ उभी. मला वाटलं कला पाहते आहे. म्हणाली, "याच्यात पाच किलोचं लोनचं बसंल."

मास्तरांच्या अटीप्रमाणे मुलं खाली फरशीवर बसून चित्रं काढत होती. पहारेकरी भला माणूस, वाट सोडून बसा एवढंच म्हणाला. मुलीनं एक रांजण काढला. मुलानं काही सुचेना म्हणून मला विचारलं, चीनमध्ये शेतकरी असतात का? मग मला राहवलं नाही. मी त्याच्या वहीत एक तिफण काढून दिली. तीन फण, वर चाडं, चाड्यातून तीन नळ्या. तो म्हणाला, ही तर आपलीच. तशीच. पण हुबेहूब अशी तीन फणांची तिफण चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी होती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात तिथल्या चाव कुओ नावाच्या अधिकाऱ्यानं ती शेतकऱ्यांत पसरवली असं त्यांच्या इतिहासात आहे. बैल ओढतो, मागचा माणूस हलवतो आणि बी तीन ओळींत पडतं. म्हणजे विस्तार अधिकारी तेव्हाही होते, एवढं माझं समाधान!

त्यांच्या शेतकऱ्यांची आणखी एक गोष्ट तुम्हाला पटेल. आपण मृग, आर्द्रा, पुष्य अशी पावसाची नक्षत्रं मोजतो, तसे त्यांनी सूर्याच्या चालीवरून वर्षाचे चोवीस भाग केले आहेत. एकाचं नाव 'किडे जागे होतात', तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात. एकाचं 'कुसळाचं धान्य', तो ५-६ जूनला, आपल्या मृगाच्या एक-दोन दिवस आधी. गहू काढा आणि भात लावा, हा त्याचा अर्थ. युनेस्कोनं २०१६ मध्ये या चोवीस भागांना जगाचा ठेवा म्हणून मान्यता दिली. आणि त्यांच्या चुलीच्या देवाची गंमत ऐका. वर्षाच्या शेवटी हा देव वर जाऊन घरातल्या माणसांचा कारभार सांगतो अशी समजूत. म्हणून निघण्याआधी त्याच्या तोंडाला चिकट गोड पदार्थ लावतात, म्हणजे एकतर गोड बोलेल, नाहीतर तोंडच उघडणार नाही. घरच्या बायांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हा उपाय सासूसाठी चालतो का?

आता त्या वस्तूकडे येतो. त्यांच्या चंद्राच्या सणाला पेकिंगमध्ये मातीचा ससा करून मांडण्याची जुनी रीत आहे. आपल्या पुराणात चंद्राला शशांक म्हणतात, ससा ज्याच्या अंगावर आहे तो. जातककथेत स्वतःला अग्नीत झोकून देणारा ससा आहे, त्याचं चित्र इंद्रानं चंद्रावर काढलं. चिन्यांचाही ससा चंद्रावरच राहतो आणि खलबत्त्यात औषध कुटतो. एकदा पेकिंगात साथ आली तेव्हा तो खाली उतरला, घरोघर जाऊन माणसं बरी केली, आणि मोबदला म्हणून काही न घेता नुसते ज्याच्या-त्याच्याकडून कपडे मागून घातले. म्हणून त्याची मूर्ती कधी सेनापतीच्या चिलखतात, कधी वाघावर बसलेली असते. आजही तिथल्या वस्तुसंग्रहालयांतून सणाला मुलांना घेऊन आई-बाप येतात आणि कच्च्या मातीच्या सशाला रंग देतात. या सशापुढे नैवेद्य कशाचा, माहीत आहे? सोयाबीनच्या हिरव्या शेंगांची फांदी! ससा तो, त्याला पाला-शेंगा नकोत का?

सोयाबीनचं माहेर चीन. काही हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी रानटी वेलातून हे पीक घडवलं. त्याचं दूध काढलं, पनीर केलं, चटण्या-रस्से केले. आणि काळाची उलटापालट पाहा, आज जगात सोयाबीन सर्वांत जास्त विकत घेणारा देशही चीनच आहे. २०२४ मध्ये त्यांनी १० कोटी टनांहून अधिक सोयाबीन बाहेरून आणलं, त्यातलं बरंचसं ब्राझीलचं. आपण हेच पीक घेतो, पण घरात काय खातो? तेल तेवढं, तेही शहरात गाळून आलेलं. पोतं थेट बाजारात. २०२५-२६ साठी हमीभाव ठरला क्विंटलला ५३२८ रुपये, आणि आपल्या बाजारांत त्याच्याखालचे आकडे ऐकून तुम्ही आणि मी दोघंही कंटाळलो आहोत.

कोजागरीच्या चार दिवस आधी माय म्हणाली, "भुलाबाईले पाच धांडे लागतात ज्वारीचे, कनसासगट. पाहून ठेव."

भुलाबाई काय हे वऱ्हाड-खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळीत सांगतो. भाद्रपद पौर्णिमेला मुली मातीची भुलाबाई, भुलोजी आणि गणपती मांडतात. शंकर-पार्वतीच ती. महिनाभर रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणायची, शेवटी डबा हलवून आत कोणती खिरापत आहे ते ओळखायचं. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून तिला निरोप. २०२५ मध्ये भाद्रपद पौर्णिमेला, ७ सप्टेंबरला, खग्रास चंद्रग्रहण होतं. त्यामुळे आमच्या आळीत बसवावी की नाही यावर वाद झाला आणि अखेर दुसऱ्या दिवशी बसली. पण खरा प्रश्न ग्रहणाचा नव्हता. गाणी म्हणायला मुली तीन. बाकीच्या शिकवणीला.

धांडे शोधायला मी आणि पुतण्या मोटारसायकलवर निघालो. मेहकरच्या बाजूचं शिवार पाहिलं, मालेगाव रोडची बाजू पाहिली. सोयाबीन, तूर, मधूनच कपाशी, पुन्हा सोयाबीन. मी नोकरीला लागलो तेव्हा या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस बुडेल एवढी ज्वारी असायची. सोयाबीनला दोष देणारा मी नाही. शंभर दिवसांत पीक हाती येतं, मुळांवरच्या गाठींनी जमिनीला नत्र मिळतं, मागून हरभरा साधतो, नगदी पैसा येतो. ज्वारीला राखण लागायची, पाखरं आणि रानडुकरं तुटून पडायची, परतीचा पाऊस झाला की कणीस काळं, आणि काळ्या ज्वारीला व्यापारी उभा राहू देत नसे. कोणता शहाणा शेतकरी हे करत बसेल? आम्ही खात्याच्या माणसांनीही सभा घेऊन हेच सांगितलं, आणि ते हिशेबानं बरोबर होतं. फक्त त्या हिशेबात कडबा धरला होता, मांडव कुणी धरला नव्हता.

शेवटी एका विहिरीच्या कडेला बैलांच्या वैरणीसाठी पेरलेल्या सहा-सात ओळी सापडल्या. मालकानं दहा धांडे कापून दिले. पैसे विचारले तर हसला. म्हणाला, "साहेब, तुमी पंधरा वर्सांनी ज्वारी पाहाले आले, त्याचेच पैसे झाले."

कोजागरीच्या रात्री आमच्या ओसरीत मायनं मांडव केला. मुंबईहून आल्यापासून दोन्ही पोरांच्या डोक्यात तो मातीचा ससा होताच. त्यांनी नाल्याकाठची चिकण माती आणून एक ससा केला, कान जरा गाढवाचे झाले. तो भुलाबाईच्या शेजारी ठेवायचा की नाही? मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून माय म्हणाली, "बसू दे, पाहुना हाय." ससा पाहायला म्हणून शेजारची पोरं आली, त्यांच्या मागून त्यांच्या आया आल्या. मी मोजल्या, अकरा मुली झाल्या. गाणी एकीलाही पूर्ण येत नव्हती. माय एक ओळ म्हणायची आणि पोरी मागून. दोन ठिकाणी तीही अडली, तेव्हा समोरच्या घरची एक सून, खानदेशातली, पुढची ओळ म्हणाली. तिकडची चाल जरा निराळी. दोघींची थोडी तक्रार झाली, मग दोन्ही चालींत म्हटलं.

घरात जो वडील मुलगा किंवा मुलगी, त्याला त्या रात्री ओवाळतात. मायनं मला ओवाळलं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, सगळ्या पोरींसमोर. खिरापतीच्या डब्यात काय होतं ते कुणालाच ओळखता आलं नाही. चिवडा, खोबरं, लाह्या, बत्तासे, सगळं विचारून झालं. डब्यात होत्या उशिरा पेरलेल्या तुकड्यातल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या. पोरींनी सोलून फस्त केल्या.

तुम्हाला करून पाहायच्या असतील तर शेंग पूर्ण भरलेली पण हिरवी असतानाच तोडा, दाणा पिवळा पडल्यावर मजा नाही. ज्या तुकड्यावर शेवटची फवारणी होऊन डब्यावर लिहिलेली मुदत उलटलेली नाही, तिथली शेंग घेऊ नका. त्यातल्या त्यात बिनफवारणीचा तुकडा बरा. उकळत्या पाण्यात चांगली दहा मिनिटं शिजवा. सोयाबीन कच्चं कधीही खाऊ नये. त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही आणि पोट बिघडतं, उकडल्यावर त्याचा जोर जातो.

ज्वारीचं म्हणाल तर आळीतल्या चार बायांनी त्याच रात्री ठरवलं की आपापल्या सोयाबीनच्या धुऱ्याकडेनं दोन-दोन ओळी टाकायच्या. मी त्यांना एवढंच सांगितलं की पेरणीलायक पाऊस झाल्यावर आठवड्याच्या आत टाका, उशीर झाला की खोडमाशी पोंगा जाळते. आणि ओळी धुऱ्याच्या आतल्या बाजूला घ्या, बाहेरच्या बाजूला घेतल्या तर कणीस भरायच्या आत शेजाऱ्याची बकरी मांडव करून टाकील. बियाण्याची पिशवी मायच्या खाटेखाली आहे. त्या विहिरीवाल्याकडून तिनं मागूनच आणली, चार कणसं.